‘गोटा टायरच जास्त पकडते’ म्हणे!

गोटा टायरचा, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या टायरचा, हा मेसेज गेल्या पंधरवड्यात मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप सोयाबीनच्या बियाण्याचा आहे, म्हणजे गाडीशी त्याचा काडीचा संबंध नाही. परवा तर एक पोरगा दुकानात येऊन मोबाईलच माझ्यापुढे धरून उभा राहिला. "भाऊ, हे पाह्य. तुमी टायर बदलवा म्हणून राह्यले, अन् इथं तं लिवलं हाये का गोटा टायरच जास्त पकडते!"

मेसेज लांबलचक आहे, मधे मधे लाल बाण आणि जोडलेले हात. त्यातला पाला काढून टाकला तर सहा मुद्दे उरतात. जोरदार गाड्यांचे टायर लवकर झिजतात ही कंपन्यांची लूट आहे. गोटा टायर नव्यापेक्षा जास्त पकडतो, रेसच्या गाड्या पाहा. टायरवर ट्रेडवेअर (झिजेचा आकडा) २८० लिहिलं असेल तर तो २८ हजार किलोमीटरचा, ४०० असेल तर ४० हजारांचा. उन्हाळ्यात हवा २४-२५ पौंडांवरच ठेवा नाहीतर टायर फुटेल, परवडत असेल तर नायट्रोजन भरा. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर पुढे लावा. आणि शेवटचं, शहरातल्या शौकिनांनी काढून टाकलेले भारी कंपनीचे जुने टायर घ्या, नक्षी आहे तोवर बिनधास्त चालवा.

कारंज्याला माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. समृद्धी सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे ट्रॅक्टर, बोलेरो, फार तर डिझायर. आता पुण्याला नोकरी करणारी पोरं टर्बो इंजिनाच्या गाड्या घेऊन दिवाळीला घरी येतात, १२० च्या रस्त्यावरून उतरतात आणि पुढच्या पाव तासात पांदणीतून घराकडे वळतात. या मेसेजमधलं अर्धं खरं कुठल्या रस्त्यावर खरं आहे, हे विचारायची सवय मला त्यामुळेच लागली.

सगळ्यात जास्त गोंधळ गोटा टायरचा आहे, आणि तो निम्मा आपल्या बोलीनं केलाय. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "ग्रीप किती राह्यली?" तेव्हा त्याला खाचांची खोली विचारायची असते. पण रस्ता धरून ठेवायची ताकद म्हणजेही ग्रीपच. एका शब्दात दोन गोष्टी बसल्या. कोरड्या, स्वच्छ डांबरावर गोटा टायर चांगला पकडतो, हे मी नाकारत नाही. रस्त्याला लागणारं रबर वाढतं, आणि उंच गुट्ट्या, म्हणजे खाचांमधले रबराचे ठोकळे, वळणावर लवलवतात तशा त्या झिजलेल्या लवलवत नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये १९९८ ते २००८ अशी अकरा वर्षं गाड्यांचा वेग आवरायला कोरड्या रस्त्याच्या टायरवरही मुद्दाम खाचा पाडायला लावल्या होत्या. २००९ ला गुळगुळीत टायर परत आले. मेसेजवाल्यानं एवढंच ऐकलेलं दिसतं. पाऊस आला की त्याच गाड्या पिटमध्ये धावत येऊन खाचांचे टायर चढवतात, हे त्यानं ऐकलेलं नाही. त्यांचा भर पावसाचा एक टायर ३०० च्या वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. खाच असते ती पाण्याला वाट द्यायला.

वाट मिळाली नाही तर काय होतं? पाणी टायरखाली पाचरीसारखं शिरतं आणि गाडी त्यावर तरंगते. स्टेअरिंग एकदम हलकं होतं, ब्रेक दाबूनही गाडी आपली सरळच जाते. विमानाच्या टायरवरच्या अभ्यासातून नासाच्या लोकांनी याचं एक ढोबळ सूत्र काढलं होतं. पाण्याचा थर खाचेपेक्षा जाड असेल तर टायर कितीच्या वेगाला तरंगायला लागेल ते त्यातून निघतं. ३३ पौंड हवेला हिशोब येतो साधारण ९६ किलोमीटरचा. आणि मेसेज सांगतो त्या २४ पौंडांना? ८२. म्हणजे गोटा टायर आणि कमी हवा हे दोन्ही सल्ले एकत्र पाळले, तर जुलैच्या झडीत समृद्धीवरच्या वेगमर्यादेच्या बरंच खाली गाडी पाण्यावर चढेल. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटरची, त्यामुळे तेवढं पाणी तो गिळतो. कारसाठी कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर. खाचेच्या तळाशी छोटे आडवे बांध असतात, गुट्टी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. ते कुठे आहेत हे बाजूला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोणाची खूण सांगते. मी मात्र पावसाळ्याआधी तीनलाच बदला म्हणतो. २०२३ मध्ये परिवहन खात्यानं समृद्धीच्या तोंडावर टायर तपासून गाड्या माघारी पाठवल्या, तेव्हा पुष्कळांनी शिव्या घातल्या. मी नाही घातल्या, आणि ते धंदा वाढला म्हणून नव्हे. बरं, थोडा वाढलाच.

आपल्याकडे एक आणखी भानगड आहे जी कुठल्या रेसट्रॅकवर नसते. डवरणीच्या दिवसांत शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला चिकटलेली काळी माती पन्नास-शंभर फूट डांबरावर सांडत जातो. वरून भुरभुर आली की त्याचं लोणी होतं. तिथे नवा टायरही खाचा भरून गोटाच होतो. फरक एवढाच की नवा टायर पुढच्या अर्ध्या किलोमीटरात ती माती फेकून देतो.

ट्रेडवेअरचा आकडा. ही अमेरिकेची पद्धत आहे. टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यावर टायर जवळपास ११,६०० किलोमीटर पळवतात आणि सोबत पळवलेल्या एका ठरावीक टायरपेक्षा तो किती कमी-जास्त झिजला ते मोजतात. त्या टायरचे १०० धरले तर २०० म्हणजे त्या चाचणीत दुप्पट टिकाऊ. इथे किलोमीटर कुठून आले? शिवाय आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांत भांडण लावायला नाही. शेजारी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर असतं, एए पासून सी पर्यंत. त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण त्याचे हजार होत नाहीत.

लुटीच्या आरोपाचं उत्तरही इथेच आहे. जोरदार गाडीच्या टायरचं रबर मऊ असतं, मऊ म्हणून रस्त्याला चिकटतं आणि म्हणूनच झिजतं. हा सौदा आहे, चोरी नाही. पण एक कबूल करतो, आमच्या भागातल्या बहुतेकांना त्या सौद्याची गरज नाही. वर्षातून चारदा समृद्धी आणि उरलेले दिवस उखडलेली गिट्टी, असं चालणाऱ्यानं २००-२५० ट्रेडवेअरवाला चिकट टायर घेऊन काय करायचं? मी त्यांना त्याच मापात टूरिंग जातीचा टायर दाखवतो, थोडा कडक, जास्त चालणारा. माप, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर मात्र कंपनीनं दिलं त्याच्या खाली जाऊ देत नाही. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०. "आपल्याला कुठं २४० नं पळवायची?" हा प्रश्न रोज येतो. ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं, आणि उष्णतेची आपल्याकडे काही कमी नाही. मोठ्या रिमचा सोस असलेल्यांसाठी एक हिशोब: २०५/५५ (रुंदी २०५ मिलिमीटर, भिंत तिच्या ५५ टक्के) ची बाजूची भिंत ११३ मिलिमीटर उंच, २२५/४० ची ९०. एवढ्या दोन बोटांत खड्डा टायर खातो की रिम, ते ठरतं.

आता त्या पोराच्या गाडीकडे येतो. बाहेरून चाक पाहिलं तर झकास, चार मिलिमीटर खाच. त्याचं म्हणणंच ते होतं. मी स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावलं, पुढच्या चाकामागे हात घातला आणि त्याचं बोट धरून टायरच्या आतल्या कडेवर फिरवलं. "आई गं!" तार टोचली. बाहेरून चार मिलिमीटर आणि आतून पोलादी तारा वर. दिवाळीत कुठल्यातरी खड्ड्यात गाडी आदळली होती, तेव्हापासून चाकं किंचित तिरपी चालत होती. मशीनवर लावली तर एका बाजूला अर्धा अंश फरक. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्यानं चाक किलोमीटरमागे जवळपास नऊ मीटर आडवं घासलं जातं. मधेच झिजला तर हवा जास्त होती, दोन्ही कडा गेल्या तर कमी, एकच कड गेली तर अलाइनमेंट, जागोजागी खळगे पडले तर शॉकअब्सॉर्बर. हे सगळं टायर स्वतःच सांगतो, पण हात काळे करावे लागतात. ‘नक्षी आहे तोवर’ म्हणणाऱ्यानं नक्षी कुठली पाहिली, हा माझा सवाल आहे.

हवेचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टायर तापतो, हवा फुगते, मग कमीच भरावी. बरोबर? उलटं आहे. २०५/५५ आर १६ चा टायर १२० च्या वेगात सेकंदाला जवळपास १७ वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि परत फुलतो. हवा कमी असेल तर भिंत जास्त दबते, तेवढं रबर आतून जास्त तापतं, आणि शेवटी आतले थर एकमेकांना सोडतात. आपण म्हणतो फुगून फुटला. खरं तर तो हवा कमी म्हणून भाजून फाटतो. सकाळी थंड टायरमध्ये ३० अंशाला ३३ पौंड भरले आणि चालून आतली हवा ६० अंशावर गेली तर काटा ३७-३८ दाखवणारच. कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतो. पेट्रोलपंपावर थांबून ती वाढलेली हवा सोडणारे भले लोक मी पाहिले आहेत. याची दुसरी बाजू हिवाळ्यात. मे महिन्यात ४० अंशाला ३३ भरून विसरलात तर डिसेंबरच्या १० अंशाच्या सकाळी आत २८ च्या आसपासच उरते, पंक्चर नसतानाही. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारातल्या पट्टीवर वाचा. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल हद्दीचा असतो.

नायट्रोजन? साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. कोरडा असतो आणि जरा हळू निसटतो, एवढंच. माझ्याकडे त्याचं मशीन नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दोन नवे टायर पुढे, हे तर आमच्या लाइनमधली जुनी माणसंही सांगतात, त्यामुळे मेसेजवाल्याला एकट्याला दोष देत नाही. पुढची चाकं ओढतात, वळतात, ब्रेकचा भारही घेतात, मग चांगला टायर त्यांनाच, असा तो विचार. पण ओल्या रस्त्यावर पुढचा टायर घसरला तर गाडी सरळ जाते, आपण पाय उचलतो आणि ती बऱ्याचदा परत ऐकते. मागचा घसरला तर गाडी फिरते. ती फिरायला लागल्यावर सावरणं शर्यतवाल्यांचं काम, घरी शिदोरी घेऊन निघालेल्या माणसाचं नाही. म्हणून नवे मागे, मग गाडी पुढच्या चाकांची असो की मागच्या. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात. मुळात आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं मागे-पुढे फिरवत राहिलं तर चारही बरोबर झिजतात. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर फक्त त्याच बाजूला मागे-पुढे करायची. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर तेही नाही.

जुन्या टायरच्या धंद्याबद्दल काय सांगू? बाजूला डॉट (DOT) अशी अक्षरं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३४२१ म्हणजे २०२१ चा चौतिसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्यावा आणि दहाच्या पुढे कितीही नक्षी असली तरी नको, असं कंपन्या सांगतात. आमच्या उन्हात नुसती उभी राहून गाडी टायर म्हातारा करते. पॉलिश मारलेला काळाभोर टायर आणून लोक मला विचारतात, "मस्त हाये ना?" मी नख रोवून पाहतो. वाळलेल्या चामड्यासारखा लागतो. रिमवरून उतरवला की आत कधी तीन पॅच निघतात, तर कधी भिंतीवर पऱ्हाटीच्या खुंटाची जुनी जखम, वरून सोल्यूशन फासलेलं. एकात तर खाचा गरम पातीनं पुन्हा कोरलेल्या होत्या. म्हणजे तारांवर जे थोडं रबर उरलं होतं तेच कापून काढलेलं.

त्या पोरानं शेवटी दोन नवे घेतले. अलाइनमेंट केली, नवे मागे लावले, मागचे पुढे आणले. जुने दोन टाकून दे म्हटलं तर डिक्कीत घातले. कुटारावरची ताडपत्री वाऱ्यानं उडते, तिच्यावर ठेवायला पाहिजे होते. हिशोब झाल्यावर मी म्हटलं, आता तेवढा मेसेज ग्रुपवरून काढ.

"कसा काढू भाऊ," म्हणाला. "बाबानं टाकला हाये तो."