तीस खाटा, आकडा एक

गावात कोणाला ताप आला की लोक माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून रिटायर झालो आणि मला जीआर वाचता येतो, एवढाच माझा गुन्हा. "भाऊ, आपल्या दवाखान्याचं काय झालं जी?" हे मला पानठेल्यावर विचारतात, तेरवीच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा तर न्हाव्यानं वस्तरा गळ्यावर ठेवून विचारलं. "होऊन राह्यला," म्हटलं. वस्तऱ्यापुढे खरं कोण बोलतो!

दवाखाना म्हणजे तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. लोकांना वाटतं, मंत्र्यानं भाषणात 'दिलं' म्हटलं की झालं. अरे बाप्पा! दवाखाना आरोग्य खात्याचा, बांधणार बांधकाम खातं, जागा महसूलची, नकाशा मुंबईच्या मुख्य वास्तुशास्त्रज्ञांकडचा आणि तिजोरीची किल्ली वित्त खात्याकडे. दिवे-पंखे तर बांधकाम खात्यातच वेगळ्या विद्युत विभागाकडे. यातला एक साहेब सुटीवर असला तरी बाकीच्यांनाही सुटी.

पहिली अडचण जागेची. गावाबाहेर सरकारी पडीत होती. एक बाभूळ, थोडा तरोटा आणि दिवसभर बकऱ्या. सातबाऱ्यावर मात्र नोंद 'झुडपी जंगल'. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ही नोंद निघाली की माणूस डोक्याला हात लावतो. कारण 1980 च्या वन कायद्यानं ते जंगल, आणि तिथे पाया खणायचा तर थेट केंद्राची परवानगी. मोजणीला साहेब आले, त्यांनी नकाशा पसरला आणि एका बकरीनं त्याचा कोपरा खाल्ला. फॉर्मात रकाना होता: दुर्मिळ वन्यजीव आढळतात काय? "बकऱ्या लिहा ना जी," सरपंचबाई म्हणाल्या. पुढे 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही झुडपी जंगल म्हणजे जंगलच, असा निकाल दिला. तेव्हापासून आम्ही त्या बाभळीची दातवणाची काडीही तोडत नाही. शेवटी जुन्या गुजरीची, म्हणजे भाजीबाजाराची, जागा निघाली, तिथे फक्त अतिक्रमण होतं. ते बरं, अतिक्रमणाला केंद्राची परवानगी लागत नाही.

मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे कामाला आणि खर्चाला खात्याचा होकार. तिच्यामागून तांत्रिक मान्यता, म्हणजे नकाशा-अंदाजपत्रकाला इंजिनिअरचा होकार. तेवढ्यात दरसूची, म्हणजे सरकारी भावांची यादी, बदलली. सिमेंट, सळाख, मजुरी सगळं वर गेलं आणि एक वीट न लागता अंदाजपत्रक फुगलं. म्हणून आता सुधारित प्रशासकीय मान्यता. पण मी तक्रार करत नाही, आमच्याकडे गोसीखुर्द धरण आहे. 372 कोटींचा प्रकल्प, 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि खर्च अठरा हजार कोटींच्या वर पोहोचला. त्या मानानं आमचा दवाखाना फारच काटकसरी.

मार्चात अर्थसंकल्प आला. पुस्तकाच्या पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर पडला. लेखाशीर्ष 4210, गावाच्या नावातला काना गायब, आणि पुढे आकडा: 1. पानठेल्यावर कोणी म्हणे एक कोटी, कोणी म्हणे एक लाख. फटाके आणायची भाषा सुरू झाली. मी चष्मा पुसून वरची बारीक ओळ वाचली. 'रुपये हजारात.'

"म्हंजे हजार रुपये?"

"हाव."

"हजारात काय येते, भाऊ?"

"भूमिपूजनाचे नारळ येतात. पेढे वर्गणीतून."

अशा नावापुरत्या आकड्याला लाक्षणिक तरतूद म्हणतात. उंटानं आधी तंबूत मान घालायची, अंग मागाहून. ते अंग म्हणजे पुरवणी मागणी, वर्षाच्या मधात मागायचा जादा पैसा, आणि ती डिसेंबरात हिवाळी अधिवेशनात येणार. 1953 च्या नागपूर कराराच्या कृपेनं वर्षातून एकदा अख्खं सरकार आमच्या बाजूला येतं, म्हणून आम्हीही निवेदन घेऊन गेलो. स्वीकारणाऱ्यानं आमच्या हातातून कागद घेतला, वर न बघता गठ्ठ्यावर ठेवला आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली. पैसा थोडाफार मंजूर झाला, पण खर्चायची मुदत 31 मार्च. एप्रिल लागला की तो आल्या पावली परत.

म्हणून घाईनं निविदा काढली. ठेकेदारांची मागल्या कामांची बिलंच थकलेली, कोणी फिरकेना. एक मात्र जागा पाहायला आला. गुजरीत उभा राहून त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि मलाच विचारलं, "बजेटात किती धरले होते जी?" मी सांगितलं. तो पोट धरून हसला, टपरीवर बसला आणि हजर होते तेवढ्यांना चहा पाजून निघून गेला. या दवाखान्यावर प्रत्यक्ष जागेवर आजवर झालेला खर्च तेवढाच.