रस्सा फुकट असतो म्हणून मटण पण फुकट?

गेले दोन आठवडे एक मेसेज प्रत्येक ग्रुपवर येऊन आदळतोय. आधी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या पोरांच्या ग्रुपवर आला, मग कॉलेजच्या, आणि काल तर भाच्यानं तो चक्क फॅमिली ग्रुपवर टाकला, जिथं निम्म्या लोकांना स्टीम (गेम विकत मिळतात ते ऑनलाइन दुकान) म्हणजे फक्त इडलीची माहिती आहे. मेसेज लांबलचक आहे, पण सार एवढंच, की एकदा गेमचे पैसे मोजले की पुढचे सगळे अपडेट फुकट मिळणं हा आपला हक्क आहे, टेरारिया देतं, स्टारड्यू व्हॅली देतं, नो मॅन्स स्काय देतं, मग बाकीच्या छोट्या डेव्हलपरना काय धाड भरलीय, डीएलसी (गेमचे वेगळ्या किमतीला मिळणारे जादा भाग) विकणारे आधीच गेम कापून ठेवतात, आणि ज्याचं अपडेट थांबलं त्याला सगळ्यांनी मिळून निगेटिव्ह रिव्ह्यू ठोका, आपोआप सरळ होतील.

मी गेम बनवत नाही. दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो आणि रात्री उरलेल्या वेळात गेम खेळतो. पण हा मेसेज वाचून डोकं फिरलं, कारण यातलं पहिलं वाक्य मी गेली कित्येक वर्षं फोनवर ऐकतोय, फक्त तिथं गेमच्या जागी सॉफ्टवेअर असतं.

तर आधी ते हक्काचं बघू. आपल्याकडं खानावळीत मटण थाळी घेतली की तांबडा-पांढरा रस्सा लागेल तेवढा, वाटी रिकामी दिसली की वाढपी न विचारता ओततो. म्हणून कोणी दुसरी मटणाची प्लेट फुकट मागतं का? मागून बघा, मालक काय म्हणेल ते इथं लिहिता येणार नाही. गेममध्ये पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गेम क्रॅश होतोय, सेव्ह उडतंय, जाहिरातीत दाखवलेली गोष्ट आत सापडत नाही, तर भांडा, मी पण भांडतो. त्यासाठी स्टीमवर २०१५ पासून रिफंडची सोय आहे, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. त्याच्याही पुढं जाऊन सांगतो, युबिसॉफ्टनं द क्रू नावाच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातात असून नसल्यासारखा झाला, त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात त्यांच्या मागणीवर २०२५ च्या जुलैत १० लाखांच्या वर सह्या झाल्या. त्या सह्या करणारे बरोबर आहेत. विकलेली वस्तू चालू ठेवा, किंवा निदान आम्हाला चालू ठेवता येईल अशी सोय करून जा, एवढंच ते मागतायत. नवीन नकाशा आणि नवीन बंदुका मागत नाहीयेत.

माझंच उदाहरण देतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे स्लॅब जवळजवळ गेलेच, आणि त्याच दिवशी सकाळी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदाराचा फोन, बिल चुकीचं निघतंय. ह्यांनी सॉफ्टवेअर सहा वर्षांपूर्वी घेतलेलं, पहिलं वर्ष सोडलं तर एएमसी, म्हणजे देखभालीची वर्षाची फी, एकदाही भरलेली नाही. तरी म्हटलं जाऊ दे, दर बदलले नाहीत तर त्यांचं दुकानच अडतंय, करून दिलं, पैसे घेतले नाहीत. चहा पाजला त्यांनी, आणि चहा संपायच्या आत म्हणाले, आता आलायसाच तर मोबाईल ॲप पण देऊन टाका की, घरबसल्या गल्ला बघता येईल. झालं. रस्सा वाढला की लगेच मटण.

आता ती तीन नावं. हा मेसेजमधला सगळ्यात दमदार भाग वाटतो लोकांना, आणि मला तोच सगळ्यात पोकळ वाटतो.

नो मॅन्स स्काय २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा पूर्ण साठ डॉलरला विकला गेला, आधी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या, दोन खेळाडू एकाच जागी जाऊन उभे राहिले तरी एकमेकांना दिसेनात. धड मल्टिप्लेअर यायला २०१८ चा जुलै उजाडला. म्हणजे तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सची सुरुवातीची दोन वर्षं ही दानधर्माची नव्हती, उधारी फेडायची होती, आणि त्यांनी ती फेडली, उलट व्याजासकट फेडली, त्याबद्दल मुजरा. पण ज्यानं उधारी केलीच नाही, जेवढं सांगितलं तेवढं पहिल्याच दिवशी दिलं, त्याच्याकडं कसला हप्ता मागायचा?

टेरारिया २०११ चा, २०२० पर्यंत त्याच्या ३ कोटी प्रती खपल्या होत्या. स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त खपून बनवला, २०१६ ला आला, आणि २०२४ मध्ये १.६ चं मोठं अपडेट फुकट दिलं तोवर तो पण ३ कोटींच्या पुढं गेलेला. इथं फुकट अपडेट म्हणजे धंद्याच्या भाषेत जाहिरात आहे भावा. अपडेट आलं की यूट्यूबवाले व्हिडिओ करतात, गेम परत यादीत वर येतो, ज्यानं अजून घेतला नाही असा माणूस घेतो, आणि असा माणूस शेतीच्या गोड गेमसाठी जगात अजून कोट्यवधीनं शिल्लक आहे. पण समजा कोणी दुसऱ्या महायुद्धातल्या मालवाहू जहाजांच्या वेळापत्रकावर गेम काढला (मी घेईन, पहिल्या दिवशी घेईन), तर तो ज्यांना हवा असे जगात समजा पाच हजार लोक, ते सगळे पहिल्या वर्षात घेऊन मोकळे. नंतरच्या अपडेटनं कोण नवीन येणार? कोणीच नाही. म्हणजे त्याचं अपडेट हा निव्वळ खर्च, आणि मोठ्याचं तेच अपडेट ही गुंतवणूक. हा फरक मेसेज लिहिणाऱ्यानं गिळलाय.

पाच हजारांचा हिशेब पण करू, मला हिशेबाची खोड आहे. किंमत ५०० रुपये धरा. त्यातनं १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की राहतात साधारण ४२४. त्यातले ३० टक्के स्टीमचे, हातात आले २९७ च्या आसपास. पाच हजार प्रती म्हणजे पावणेपंधरा लाखांच्या थोडं वर. तीन माणसं, दोन वर्षं काम, म्हणजे माणशी महिन्याला साडेवीस हजार, आणि यात संगीत करणाऱ्याचे पैसे, कॉम्प्युटर, लाईट बिल, इन्कम टॅक्स काहीच धरलेलं नाही. शिवाय हे पाचही हजार लोकांनी पूर्ण किमतीला घेतलं तर हां, आपण सगळे विशलिस्टवर टाकून सेलची वाट बघत बसणारी जमात. आणि गंमत बघा, स्टीमचं कमिशन ३० वरून २५ वर येतं ते एका गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढं गेल्यावर, २० वर येतं ५ कोटी डॉलरच्या पुढं. म्हणजे सवलत पण पैलवानालाच, नवशिक्यानं पूर्ण वर्गणी भरायची.

'छोट्यांना काय, ते आवडीनं करतात' हे पण एक ऐकायला मिळतं. ड्वार्फ फोर्ट्रेस घ्या. दोघं भाऊ, २००६ पासून गेम फुकट, लोकांच्या देणग्यांवर घर चालायचं, प्रेम करणारे लय. पण एका भावाला त्वचेचा कॅन्सर झाला, अमेरिकेतला उपचाराचा खर्च समोर दिसला, आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण किती काठावर उभे आहोत. त्यातनं चित्रांसकट विकायची आवृत्ती काढायचं ठरलं, २०२२ च्या डिसेंबरमध्ये ती तीस डॉलरला आली आणि पहिल्या महिन्यात जवळपास ५ लाख खपली. जुनी फुकट आवृत्ती अजून आहे. सोळा वर्षांच्या प्रेमानं जे झालं नाही ते किंमत लावल्यावर एका महिन्यात झालं.

आणि अपडेट न देता नुसता गेम जागेवर ठेवायचा म्हटलं तरी काम असतंच, हे बाहेरून दिसत नाही. ॲपलनं २०१९ मध्ये मॅकवरचा ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, प्रोग्रॅमचा सपोर्ट काढला, एका रात्रीत कितीतरी जुने गेम बंद. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर दरवर्षी नवीन आवृत्तीच्या हिशेबानं ॲप बांधा म्हणतं, नाही बांधलं तर नवीन फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये दिसत नाही. डेव्हलपरनं काहीही न बिघडवता गेम बिघडतो, तो परत उभा करायला महिना जातो, आणि आपण चेंजलॉग, म्हणजे काय बदललं त्याची यादी, बघून म्हणतो, ह्यात नवीन काय आहे.

कापून ठेवण्याच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. मोठ्या कंपन्यांनी गेम आला त्याच दिवशी त्याचा तुकडा वेगळ्या किमतीला विकलाय, तो राग रास्त आहे. पण तो राग काढायचा कोणावर? फॅक्टोरिओ हा गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झाला, स्पेस एज हे त्याचं पस्तीस डॉलरचं एक्स्पान्शन, म्हणजे मोठी डीएलसी, आलं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या चार वर्षांचं काम हे कापून ठेवलेलं कसं असेल? आणि त्याच दिवशी ज्यांनी एक्स्पान्शन घेतलं नाही त्यांना पण २.० चं अपडेट फुकट मिळालं. युरो ट्रक सिम्युलेटर २ चं पण तेच, २०१२ चा गेम, नवे देश विकत, आणि त्या पैशावर जर्मनीसारखे जुने भाग नव्यानं बांधून सगळ्यांना फुकट. डीएलसी घेणारा न घेणाऱ्याचा रस्सा भरतोय, खरं तर.

आपल्याकडचं बघायचं तर पुण्यात बनलेला राजी हा गेम. क्राउडफंडिंग, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे गोळा करणं, फसलं, तरी गेम २०२० ला आणला. गेम छोटा आहे, शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो, ही तक्रार मला पण पटते. पण त्यांनी २०२२ मध्ये एन्हान्स्ड एडिशन काढली, हिंदी आवाजासकट, आणि ज्यांच्याकडं गेम आधीपासून होता त्यांना ती फुकट दिली. ह्याची आठवण काढणारा एक मेसेज कधी फिरला नाही.

राहिला निगेटिव्ह रिव्ह्यूचा उपाय. मोठ्या गेमला तुमच्या दहा रिव्ह्यूंनी घंटा फरक पडत नाही. छोट्याचं गणित असं, एकूण ४० रिव्ह्यू, त्यातले ३४ चांगले, म्हणजे ८५ टक्के. त्यात एका ग्रुपवरच्या दहा पोरांनी येऊन लाल अंगठे दाबले की ५० पैकी ३४, म्हणजे ६८ टक्के, आणि ७० च्या खाली आलं की स्टीमवर नावापुढं 'मिक्स्ड' लागतं. मिक्स्ड बघून नवीन माणूस पुढं सरकतो. म्हणजे अपडेट यावं म्हणून ज्या पैशातनं अपडेट येणार तोच झरा बुजवायचा.

काल रात्री भाच्याला विचारलं, तू ज्याला लाल अंगठा दिलास तो गेम घेतलास कितीला? सेलमध्ये १९९. खेळलास किती? फोन काढून बघितलं त्यानं, ११०० तास. मी म्हटलं, तासाला अठरा पैसे पडले रे, रंकाळ्यावर एवढ्यात एक शेंगदाणा येत नाही. जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बरं मामा, रिव्ह्यू बदलतो मी. पण दिवाळीला एखादा नवीन मॅप टाकायला काय जातंय त्याचं?"