खुलासा : परदेशी ट्रॉलरना आपला समुद्र मोकळा केलेला नाही

नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मजकूर फिरतोय : ‘हिंद महासागरातल्या देशांच्या “आयोरा” संघटनेमुळे परदेशी ट्रॉलर आपल्या समुद्रात मासेमारी करणार, सुरमई संपणार.’ हे साफ खोटं आहे.

आयोरा १९९७ सालची. सदस्य देश २३, सचिवालय मॉरिशसला. निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे भारताच्या मनाविरुद्ध काही लादताच येत नाही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, साधारण ३७० किलोमीटर, मासळीवर हक्क आपला. तिथे परवान्याशिवाय परदेशी बोटीला मासेमारी करता येत नाही. १९८१ चा कायदाच तसा आहे.

मग आयोरातल्या देशांशी मासेमारीत सहकार्य कशाला? ट्यूना मासा सरहद्द ओळखत नाही. आज लक्षद्वीपजवळ, उद्या मालदीवकडे. एकाने जपायचं आणि दुसऱ्याने उपसायचं, तर मासा कोणालाच उरणार नाही.

परवा बाजारात थर्माकोलच्या पेटीतला बर्फ सारत मासळीवाल्या मावशींनी काळजीने विचारलं, “भाऊ, माल बंद होते का जी?” नाही मावशी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा आवक घटते. ती दरवर्षीचीच, माशांच्या विणीसाठी.

ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा, ही विनंती.