कोकणात सोलर, काजूची टरफले आणि 'फोटोपुरते' करार: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. खाऱ्या हवेत सोलर पॅनल दोन वर्षांत सडतात. पावसाळ्यात चार महिने ते बंदच. काजूवाल्यांना टरफले फुकट मिळतात, त्यांना नवी ऊर्जा कशाला? आणि विद्यापीठांचे उद्योगांशी होणारे करार म्हणजे चहा आणि फोटो. यातला पहिला मुद्दा चूक आहे, दुसरा अर्धा बरोबर, तिसरा महागात पडणारा. चौथा मात्र बराचसा खरा आहे.

"खाऱ्या हवेत पॅनल सडतात." सडते ते सहसा पॅनल नसतेच. काच आणि ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची चौकट खाऱ्या हवेला पुरून उरते. आधी जातो तो खालचा सांगाडा, तोही जागेवर ग्राइंडरने कापला किंवा ड्रिलने भोक पाडले तिथे. गॅल्वनाइजचा, म्हणजे जस्ताचा, थर कारखान्यात चढलेला असतो. कापल्यावर उघडे लोखंड राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ओघळ दिसू लागतात. मग अर्थिंग. ॲल्युमिनियमच्या चौकटीला तांब्याचा लग (वायरच्या टोकाला बसवलेली पट्टी) थेट आवळला की खारट ओलीत ॲल्युमिनियम खात जाते. कथिलाचा मुलामा दिलेला लग आणि बायमेटल (दोन धातूंचा) वॉशर हवा. शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवले जातात. ते बसतात, पण सांधा नीट जुळत नाही. ओल शिरते, सांधा तापतो, आणि वितळलेला कनेक्टर पाहून मालक म्हणतो, "पॅनल गेलं." खरेदी करताना आयईसी ६१७०१ हे मीठ-धुक्याच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागावे, नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्यावेत, आणि कापलेल्या जागेवर जस्तयुक्त रंग त्याच दिवशी मारून घ्यावा.

किनाऱ्यापासून किती अंतरावर कोणता थर किती टिकतो, हे मात्र कॅटलॉगात सापडत नाही. इथे फॅब्रिकेटर आणि इंजिनिअरिंग कॉलेज एकमेकांना खरोखर उपयोगी पडतात. एकाच मापाच्या पट्ट्या घ्यायच्या: काही साध्या, काही गॅल्वनाइज्ड, काही रंगवलेल्या. वजन करून किनाऱ्यापासून ५० मीटर, ५०० मीटर आणि ५ किलोमीटरवर मांडणीत अडकवायच्या. वर्षाने गंज रसायनाने काढून पुन्हा वजन करायचे. घटलेले वजन म्हणजे खाल्लेला धातू. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या पॉलिटेक्निकला हे जड नाही; खर्च पट्ट्यांचा आणि चांगल्या तराजूचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पत्रे कसे उडाले ते श्रीवर्धन-दापोलीकडे सगळ्यांनी पाहिले आहे, म्हणून वारा पॅनल किती जोराने उचलतो याचे गणितही त्याच कामात धरावे.

"पावसाळ्यात चार महिने बंद." बंद नसतात, कमी देतात. जुलैमधले उत्पादन एप्रिलच्या साधारण निम्म्यावर येते. घरगुती नेट मीटरिंगमध्ये (छतावरची जादा वीज बिलातून वळती करण्याची सोय) शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि हिशेब आर्थिक वर्षाअखेर होतो. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात खर्ची पडते, हे कोकणाच्या पथ्यावरच आहे. लोक फसतात ते वेगळ्याच गोष्टीला: वादळात लाइन गेली की बॅटरीविना चालणारा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये. तो बिघाड नव्हे.

सौर वाळवणीला मात्र शिल्लक पुढे न्यायची सोय नाही. ढग आले की कोकमाची साल तशीच पडून राहते, बुरशी धरते. तिथे मेसेज बरोबर आहे, आणि म्हणूनच ड्रायरला लाकूड किंवा टरफलाची जोड लागते.

"टरफले फुकट आहेत." शंभर किलो काजू बीमागे साधारण सत्तर किलो टरफल निघते, हे खरे. पण त्यात भरपूर तेल असते. कच्चे टरफल साध्या भट्टीत कोंबले की काळा, डोळे झोंबवणारा धूर होतो, चिमणीच्या आत डांबर बसते आणि गराला वास लागतो. तेच तेल हाताला लागले की कातडी उतते, भाजल्यासारखे फोड येतात. आधी एक्सपेलरमधून (दाबून तेल काढणारे यंत्र) तेल काढावे. रंगाच्या आणि ब्रेक लायनिंगच्या उद्योगात त्याला गिऱ्हाईक आहे. उरलेला चोथा जाळावा, आणि ज्वाळेच्या वरच्या बाजूने दुसरी हवा द्यावी, म्हणजे धूर भट्टीतच जळतो. टरफल तापवून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचा मोह टाळलेला बरा. डांबराने व्हॉल्व्ह चिकटतात.

आता बोरमा ड्रायरचे, म्हणजे काजूगर सुकवायच्या भट्टीचे, गणित पाहा. १०० किलो गराची ओल ८ टक्क्यांवरून ४ वर आणायची म्हणजे सव्वाचार किलोच्या आत पाणी उडवायचे. त्याची उष्णता आणि गर ७० अंशांपर्यंत तापवण्याची उष्णता मिळून २० मेगाज्यूलच्या आत बसते, म्हणजे दीड किलोहूनही कमी सुके लाकूड. भट्टीची कार्यक्षमता फक्त २० टक्के धरली तरी सात किलोच्या आत भागायला हवे. तुमच्या बोरम्यात किती जाते? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण जळण तोलूनच टाकले जात नाही. काटा, ट्रेमधली चार थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) आणि पंधरा दिवसांची वही एवढ्यावर उष्णता दारातून जाते की चिमणीतून, हे कळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी हा हातचा विषय आहे.

"करार फोटोपुरते." बरेचसे असतात, कारण वेळापत्रक जुळत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पावसाळ्यात सुरू होतो, ड्रायर जानेवारीत रिकामा चालवून तापमान घेतले जाते, एप्रिलपर्यंत अहवाल जमा. कोकम ऐन भरात येते मे महिन्यात, तेव्हा मुले घरी. दमट मेमध्ये रसाची पुटे चढवलेली साल त्या ड्रायरने कधी पाहिलेलीच नसते. मासळीचेही तसेच: ५०-५५ अंशांच्या वर गेले की बांगडा बाहेरून कडक होतो आणि आत ओल राहते, हे रिकाम्या ट्रेवर कळत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा चाचणी त्याआधी किंवा नंतर ठेवावी लागते.

म्हणून करारात महिने लिहावेत: कोकमासाठी मे, मासळीसाठी ऑक्टोबरनंतर. मोजणीला सुट्टीतला मानधनावरचा माणूस ठरवावा. एकट्या छोट्या कारखान्याला परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून एक मोजणी संच घ्यावा. आकडे कोणाचे, प्रसिद्ध कधी करायचे, तेही आधीच ठरवावे, नाहीतर कारखानदार खरे जळण सांगत नाही. प्रकल्प संपल्यावर यंत्र कोणाच्या नावावर आणि दुरुस्ती कोणी करायची हे न लिहिल्याने ड्रायर शेडमागे कोंबड्यांना जातो. थर्मोकपल काही शे रुपयांना मिळते. ते बदलायला विद्यापीठाच्या खरेदी समितीची सही लागणार असेल तर ते काम सरळ कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनकडे द्यावे आणि करारात तसे नमूद करावे.