भांडी धुणारं मशीन आणि पुसणारा मी

काम संपलं की आमचं डिशवॉशर तीनदा 'पीं' करतं. हा आवाज कानावर पडताच घरातली माणसं एकदम कामसू होतात. बायकोला महत्त्वाचा फोन आठवतो. मुलीचा दुसऱ्या दिवशी पेपर असतो, महिन्याचे तीसही दिवस. फडकं घेऊन ओट्याशी मी एकटा उरतो, कारण मशीन घ्यायची टूम माझी होती.

दार उघडलं की आधी वाफ चष्म्यावर येते. चष्मा पुसायचा. मग वरचा रॅक ओढायचा, आणि इथे माझी चूक व्हायची. पालथ्या कपाच्या बुडाला एक खोलगट वर्तुळ असतं. ते कशासाठी असतं ते कुंभारालाच ठाऊक, पण त्यात प्रत्येकी चमचाभर पाणी साचतं. रॅकला हिसका बसला की बारा कपांचं पाणी एका दमात खालच्या ताटांवर. चुकून चार ताटं वाळली असतील, तर त्यांचाही निकाल. "अरे, खालचं आधी काढ की!" हे मला आईने सांगितलं. तिने या मशीनचं एकही बटण आजवर दाबलेलं नाही आणि पुढे दाबण्याचा विचारही नाही.

हिशेब मांडला तेव्हा बरं वाटेना. हाताने भांडी घासायचो तेव्हा ती टोपल्यात पालथी घालून आम्ही झोपायला जायचो. सकाळपर्यंत ती आपली आपण वाळायची. पुसायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. आता धुण्याचं काम मशीन करतं आणि पुसायला एक माणूस लागतो. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी 1886 साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते घरातली चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून फुटायची म्हणून. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात त्यांचं यंत्र लोकांनी पाहिलं. इतक्या वर्षांनी तिच्या यंत्राच्या वंशजाला मी नोकर लागलो आहे.

संशय प्रथम हीटरवर गेला. माझ्या डोक्यात असं होतं की आत कुठेतरी केस वाळवायच्या ड्रायरसारखा पंखा असतो, तो शेवटी गरम हवा सोडतो आणि आमचा तो बिघडला आहे. खात्री करायला मी मधेमधे दार उघडून बघू लागलो. दर वेळी मशीन थांबायचं, वाफ चष्म्यावर यायची, भांडी ओलीच दिसायची. नंतर कळलं की असं डोकावल्याने आतली ऊब निघून जाते. म्हणजे रोग्याचा ताप बघायला दर दहा मिनिटांनी पांघरूण काढायचं आणि थंडी का वाजते म्हणून विचारायचं, तसला प्रकार.

मग फिल्टर. तो काढून घासला. त्यात एक शर्टाचं बटण, डब्याच्या लेबलाचा लगदा आणि गेल्या वर्षी हरवलेली कानातल्याची फिरकी मिळाली. फिरकीमुळे माझी घरात दोन दिवस पत वाढली. भांडी ओलीच.

त्यानंतरचा प्रसंग खरं तर सांगण्यासारखा नाही. मशीनच्या तळाशी मीठ घालायचं एक झाकण असतं. मीठ ओल शोषतं, हे ज्ञान मला लहानपणापासून आहे. ज्या अर्थी कंपनीने मिठाची सोय केली आहे, त्या अर्थी ती भांडी वाळवायलाच, असा माझा कयास. झाकण फिरवलं तर आत काठोकाठ पाणी! सापडला चोर, म्हटलं. इथेच गळतंय. मी गुडघ्यांवर बसून चमच्याने ते पाणी उपसायला लागलो. अर्धा तास उपसलं, कपड्याचा बोळा घालून तळ कोरडा केला, वर किलोभर मीठ ओतलं आणि विजयी मुद्रेने उठलो. त्या टाकीत पाणी असायचंच असतं. मिठाचं तिथलं काम पाण्याचा जडपणा काढणाऱ्या रेझिनला पुन्हा ताजंतवानं करण्याचं, आणि त्यासाठी लागतं ते मिठाचं पाणी. वाळवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मला टेक्निशियनने सांगितलं तेव्हा बायको शेजारीच उभी होती. तिला नेमका तेव्हा फोन आला नाही.

तो टेक्निशियन पोरगेलासा होता. मी त्याला हीटर, पंखा, गळती असा सगळा इतिहास ऐकवला. त्याने शांतपणे मोठा गरम प्रोग्राम लावायला सांगितला. तो दुसरं काम उरकून आला आणि पीं झाल्याबरोबर दार उघडून म्हणाला, "सर, कपाला हात लावा." लावला. बोट चटकन मागे आलं. "म्हणजे हीटर ठणठणीत आहे. आणि पंखा यात नसतोच."

मग त्याने जे समजावलं, ते ऐकून मला मशीनबद्दल थोडा आदर वाटला. शेवटचं खळबळणं साठ-सत्तर अंशांच्या पाण्याने होतं. भांडी तापतात आणि त्या उष्णतेनेच अंगावरचं पाणी वाफ होऊन उडतं. स्टीलच्या भिंती भांड्यांपेक्षा थंड असतात, वाफ त्यांच्यावर जमते आणि ओघळून खाली जाते. बस, एवढंच. काही मशीनमध्ये पंखा असतो, काहींत ओल शोषून उलट ऊब सोडणारं झिओलाइट नावाचं खनिज असतं, काही शेवटी आपलं दार आपण उघडतात. आमचं गरीब घरचं, जमेल तेवढं स्वतःच्या उबेवर भागवणारं.

"रोज कुठला प्रोग्राम लावता?"

"तीस मिनिटांचा," मी म्हटलं. "वेळ वाचतो."

तो माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिला. आमच्या मशीनच्या तीस मिनिटांच्या प्रोग्राममध्ये वाळवण्याचा टप्पाच नाही. पुस्तिकेच्या सतराव्या पानावर तसं छापलेलं आहे. पुस्तिका ड्रॉवरमध्ये होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी चिकटपट्टीने बंद.

पण खरा कळस पुढे आहे.

मशीनच्या पट्टीवर एक चांदणी आहे. घेतल्यावर पहिले काही आठवडे ती विझलेली होती. मग एके दिवशी लागली आणि लागलेलीच राहिली. मला वाटलं, मशीन आता घरात रुळलं, आपण ते नीट वापरतोय, त्याची ही पावती. मुलीच्या वहीत बाई नाही का चांदणी काढत, तशी. आल्यागेल्याला मी ती दाखवलेली आहे.

"ही किती दिवस चालू आहे, सर?"

"सात महिने!" मी म्हटलं, आणि माझ्या आवाजात अभिमान होता, हे कबूल करायला हवं.

त्याने काही न बोलता दाराच्या आतल्या बाजूचं एक गोल झाकण उघडलं. आत खडखडाट. तिथे रिन्स एड, म्हणजे भांड्यांवरचं पाणी निथळून जावं म्हणून वापरायचं द्रव, घालायचं असतं आणि ते संपलं की चांदणी लागते. म्हणजे सात महिने मशीन रोज बोंबलून सांगत होतं आणि मी त्याला शाबासकी समजत होतो. मशीनच्या साबणाच्या टॅब्लेटच्या खोक्यावर 'सगळं एकातच' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असल्यामुळे आणखी काही ओतायचं असतं, अशी शंकाही मला आली नव्हती.

त्याने एक ओला ग्लास उजेडात धरला. काचेवर पाण्याचे थेंब अंग चोरून, गोळ्या होऊन बसले होते. मग दुसऱ्या ग्लासमध्ये पाणी घेऊन त्यात रिन्स एडच्या बाटलीतले दोन थेंब टाकले आणि ते पाणी पहिल्या ग्लासवर ओतलं. गोळ्या विस्कटल्या. पाण्याचा पातळ पापुद्रा झाला आणि तो सरसर उतरून गेला. पाण्याचा पृष्ठताण कमी केला की ते जागा अडवून बसत नाही, म्हणाला. शाळेत पृष्ठताण पाच मार्कांसाठी पाठ केला होता. तो ओट्यावर असा समोर येईल असं वाटलं नव्हतं.

डोस ठरवायची एक चकती असते, 1 ते 6. मशीन आलं त्या दिवशी काटकसर म्हणून ती मीच 1 वर नेलेली. त्याने 4 वर ठेवली. जाताना बजावून गेला: मोठा प्रोग्राम लावा, भांडी एकमेकांना खेटून ठेवू नका, खोलगट बुडं तिरकी ठेवा, आणि पीं झालं की दार चार बोटं उघडं ठेवून पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघू नका. बंद राहिलं तर सगळं निवता निवता तीच वाफ पुन्हा भांड्यांवर बसते. आम्ही रात्री लावून सकाळी उघडायचो, ते आठवून मी मान खाली घातली.

"आणि प्लॅस्टिकचे डबे?" बायकोने विचारलं.

"ते ओलेच राहणार, मॅडम. पातळ असतात, ऊब धरत नाहीत. शिवाय थेंब त्यांना सोडत नाही."

त्या रात्री पीं झालं. दार चार बोटं उघडलं. पंधरा मिनिटं मी खरोखर तोंड फिरवून उभा होतो. मग खालचा रॅक आधी ओढला. ताटं कोरडी! कप कोरडे, ग्लास एकमेकांना लागले तर घंटेसारखे वाजत होते. मी हाका मारल्या. फोन संपला, पेपर पुढे ढकलला गेला, सगळे जमले. पट्टीवरची चांदणी विझली होती आणि ती जागा मला जरा ओकीबोकी वाटली, पण हे मी कुणाला बोललो नाही.

आई सगळ्यात शेवटी आली. तिने ताटांवरून बोट फिरवलं, कप उलटे करून बुडं बघितली, चमचे कानाशी नेले की काय असं वाटण्याइतके जवळून पाहिले. काही सापडेना. मग वरच्या रॅकच्या कोपऱ्यातून तिने प्लॅस्टिकच्या डब्याचं एक झाकण उचललं आणि माझ्याकडे बघत हळूच तिरकं केलं. कडेच्या खाचेतलं सगळं पाणी माझ्या पायावर पडलं.

"फडकं कुठंय रे?" आई म्हणाली.