वॉर्साचं नाव घेऊन वाडे पाडू नका

गेले काही दिवस सोलापूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर पोलंडची राजधानी वॉर्सा इथल्या जुन्या शहराचे रंगीत फोटो, खाली मजकूर: ‘हे सगळं युद्धानंतर नव्याने बांधलंय, भिंतींवरची चित्रंही नवीच. तरी युनेस्कोच्या यादीत आहे. मग आपल्या पेठांतले जुने वाडे कशाला कवटाळायचे? फोटो काढा, पाडा, तसेच बांधून रंगवून घ्या. आताचे रंग जास्त टिकतात.’ जाणत्या माणसांनीही तो पुढे पाठवलाय, म्हणून हे उत्तर.

‘सगळं नवंच आहे.’ १९४४ साली पोलिश लोकांनी जर्मन ताब्याविरुद्ध केलेल्या उठावानंतर जर्मन सैन्याने वॉर्सा ठरवून उद्ध्वस्त केलं. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग गेला. लोकांनी ढिगाऱ्यातून दगडी चौकटी, कोरीव तुकडे वेचून नव्या भिंतींत बसवले. युद्धाआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी घेतलेली मोजमापं आणि बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने १८व्या शतकात काढलेली शहराची चित्रं समोर ठेवून काम केलं. युनेस्कोने १९८० साली दखल घेतली ती या खटाटोपाची. वॉर्साच्या लोकांपुढे दुसरा मार्गच नव्हता. आपले वाडे अजून उभे आहेत.

‘चित्रं नवी, म्हणजे पुन्हा रंगवली तरी चालतील.’ मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. तिथल्या चौकातल्या दर्शनी भिंती १९५३ साली चित्रकारांनी सजवल्या. घर पुन्हा बांधलेलं असलं, तरी चित्र त्या चित्रकाराच्याच हातचं आहे, आणि त्याला सत्तर वर्षं होऊन गेलीत. शिवाय त्यातलं बरंचसं काम स्ग्राफितोचं आहे. एका रंगाच्या चुन्याच्या गिलाव्यावर दुसऱ्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा रंग उघडा करायचा. अशा रेषेवर ब्रश फिरवला की खरवडीची धार बुजते. ती पुन्हा आणता येत नाही.

‘आताचे रंग जास्त टिकतात.’ आमच्या वाड्याच्या दर्शनी भिंतीला आम्ही हौसेने ऑइल पेंट दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुगे आले. एक पोपडा नखाने ओढला, तर त्याला चिकटून चुन्याचा गिलावाही सुटून आला, आणि त्या गिलाव्यावर गेरूने काढलेल्या वेलीची दोन पानं होती. भिंतीत ओल शिरतेच. चुन्यातून ती वाफ होऊन निघून जाते. ऑइल पेंटने वाट बंद केली की ती आतून गिलावा सोडवते. ती दोन पानं मी डबीत ठेवलीत. भिंतीवर आता तिथे खड्डा आहे.

‘फोटोवरून तसंच होतं.’ फोटोत वरचा थर दिसतो, खालचे दिसत नाहीत. रंगाऱ्याला बोलावण्याआधी कोरड्या दिवसांत, जाणकाराच्या हातून, भिंतीचा तळहाताएवढा तुकडा थराथराने उघडून बघा. खाली रंग सापडला, तर सुटलेला गिलावा चुन्यानेच धरून ठेवा. जिथे चित्र गेलंय तिथे साधा चुना भरून जागा मोकळी सोडा.