‘स्तुतीच’ मधला ‘च’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

‘उठता-बसता देवाची स्तुती’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. दुःखातल्या माणसाला ‘स्तुती करा’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं; आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या तुमच्या मैत्रिणीला मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांनी हेच सांगितलं आणि त्यानंतर ती उपासनेला आलीच नाही. ‘प्रेझ द लॉर्ड’ हा तोंडचा चाळा झालाय, आणि तोच करणारे घरी कामवाल्या बाईचे पैसे थकवतात. पहाटे पाणी भरून, डबे करून लोकल गाठणाऱ्या बाईला निवांत प्रार्थनेची वेळ कुठून मिळणार? आणि शेवटी सासूबाईंबद्दलचा एक प्रश्न.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझ्या लेखाची आहे. ‘दुःखातही ओठांवर स्तुतीच हवी’ असं मी लिहिलं होतं. त्यातला ‘च’ पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचं हिब्रू नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तुतिगीतं. पण त्या १५० स्तोत्रांपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा तक्रारीचा आणि विलापाचा आहे. ज्यांनी संग्रह केला त्यांनी हा विलाप वेगळा काढून ठेवला नाही, त्याच नावाखाली ठेवला. १३ वं स्तोत्र उघडून बघा. सहाच ओव्या, म्हणजे क्रमांक दिलेली वचनं, आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर शत्रूने माझ्यावर चढून बसावं. तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणं आहे, आणि तेही आर्जवाचं: माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाहीतर मी मरणाची झोप झोपेन. पाचव्या-सहाव्यात मात्र तोच माणूस म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय, मी गाईन. मधे परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही नाही. शत्रू तिथेच आहे, उत्तर आलेलं नाही. शेवटच्या दोन ओव्या खऱ्या वाटतात त्या पहिल्या दोन गाळलेल्या नाहीत म्हणून. आपण मंडळीत काय करतो? पाचवी ओवी सुरात म्हणतो आणि पहिली झाकून ठेवतो. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत वळतच नाही, अंधारातच संपतं. तरीही ते त्या पुस्तकात आहे.

दुःखितांच्या घरी हमखास फेकलं जाणारं एक वचन म्हणजे ‘देव स्तवनांत वसतो’. ते २२ व्या स्तोत्रातल्या तिसऱ्या ओवीतून येतं. त्याच्या दोन ओव्या आधी काय आहे? ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तारणाऱ्या येशूने वधस्तंभावर उच्चारलेले शब्द! त्या आक्रोशाच्या मधोमध उभं असलेलं वाक्य उचलायचं आणि ‘रडू नका, स्तुती करा म्हणजे देव येईल’ असं त्याचं औषध करायचं, हा वचनावरही अन्याय आहे आणि ऐकणाऱ्या आईवरही.

तुम्ही १ थेस्सलनीकाकरांस या प्रेषित पौलाच्या पत्रातल्या ५:१८ वर बोट ठेवलंत. तिथले शब्द ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे आहेत; स्थितीत, स्थितीबद्दल नव्हे. हा फरक सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो, पण त्याच्याच नावावरच्या इफिसकरांस पत्रात, ५:२० मध्ये, ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंही आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र त्याच अध्यायाच्या ११ व्या ओवीत अंधाराच्या कामांत भागीदार होऊ नका, उलट त्यांचा निषेध करा असं सांगितलंय. म्हणजे पौलाच्या लेखी वाईटाला वाईट म्हणणं आणि उपकार मानणं एकाच तोंडाने होतं. मुलाच्या तापाबद्दल आभार मानायला तो सांगत नाही.

पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, हे उदाहरण सगळे देतात. प्रेषितांची कृत्ये १६ नीट वाचा. छड्यांचे फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना गाणारे ते स्वतः होते. बाहेर निवांत बसलेल्या कुणी त्यांना गायला लावलं नव्हतं. आणि सकाळी ‘जा, सुटलात’ असा निरोप आल्यावर पौल मुकाट्याने निघाला नाही. चौकशीशिवाय आम्हा रोमी नागरिकांना चारचौघांत मारलंत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, असं त्याने बजावलं. रात्रीच्या गाण्याने सकाळचा जाब विचारणं थांबलं नाही.

मग तुमच्या मैत्रिणीकडे गेलेल्या बायकांनी काय करायला हवं होतं? नीतिसूत्रे २५:२० म्हणतं की खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं. म्हणून आधी वस्त्र द्यावं. दोन वेळचा डबा, रात्री तासभर उशाशी बदली बसणं, घरी असलेल्या दुसऱ्या लेकराला शाळेत सोडणं. प्रार्थना करू का, असं विचारावं, आणि ‘नको’ म्हणाली तर त्यावर खरंच थांबावं. वाचायला सांगितलं तर १३ वं किंवा १३० वं स्तोत्र वाचावं, वाचून गप्प बसावं. पुढे ‘पण देवाची योजना…’ असं शेपूट जोडू नये. स्तुतिगीत म्हणायचं असेल तर ते आपल्या घरी, आपल्या दारात म्हणावं. तिच्या वतीने गायला हरकत नाही. तिच्याकडून गाऊन घेण्याला आहे.

आता तोंडचा चाळा. ‘हालेलूया’ हे मुळात आज्ञार्थी अनेकवचन आहे: याहची, म्हणजे परमेश्वराची, स्तुती करा. आणि स्तोत्रांत ही हाक सहसा उघडी ठेवलेली नसते, तिच्यामागे ‘कारण’ येतं. ११७ वं स्तोत्र सर्वांत छोटं, दोन ओव्यांचं. पहिल्या ओवीत हाक, दुसरी ओवी ‘कारण’ने सुरू होते. चाळा ओळखायची आणि मोडायचीही हीच युक्ती आहे. ‘प्रभूची स्तुती असो’ म्हटलं की पुढे ‘कारण’ जोडून वाक्य पुरं करायचं. ‘सगळ्या आशीर्वादांसाठी’ हे कारण धरायचं नाही, ते दहा वर्षं तसंच्या तसं म्हणता येतं. ‘कारण आज आईची साखर दीडशेच्या खाली आली’, ‘कारण वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅस सिलेंडर चढवायला हात लावला’, हे कारण. ज्यात माणसाचं नाव, वेळ किंवा आकडा येतो ते उद्या परत वापरता येत नाही, नवं शोधावं लागतं. जिभेला वळण लागतं ते या शोधण्यामुळे.

आणि कामवाल्या बाईचे पैसे. इथे तुमच्याशी माझा शंभर टक्के मेळ आहे, नव्हे, तुम्ही सौम्य लिहिलंत असं वाटतं. इब्री लोकांस १३:१५ मध्ये ‘स्तुतीचा यज्ञ’, ओठांचं फळ, हे शब्द आहेत. ती ओवी आपल्या सभांतून सारखी म्हटली जाते. लगेच पुढची, १६ वी, म्हणते की चांगलं करायला आणि दान करायला विसरू नका, अशाच यज्ञांनी देव संतुष्ट होतो. ती म्हटली जात नाही. ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकात २४:१५ तर मजुराला मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या असं सांगतं, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला आहे. याकोब ५:४ प्रमाणे अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. म्हणजे ज्या घरी बाईचा पगार १ तारखेऐवजी १२ ला होतो, त्या घरातून देवाच्या कानी दोन आवाज पोचतात, एक पेटीवरचा आणि एक तिचा.

उपाय साधा आहे. आपला पगार जमा होईल त्याच दिवशी, किराण्याच्या आधी, तिचे पैसे बाजूला काढावेत. तिची सुट्टी कापायची असेल तर आपल्या सुट्टीला पगार कापला जातो का, हे आधी बघावं. ‘जे काही तुम्ही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे कलस्सैकरांस ३:२३ तिला ऐकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते दासांना उद्देशून आहे, आणि पान उलटताच ४:१ मध्ये धन्यांना सांगितलंय: दासांना न्यायाने आणि समभावाने द्या, तुमच्यावरही स्वर्गात धनी आहे.

वेळेबद्दल. पहाटेचा निवांत अर्धा तास मिळतो त्याने तो जरूर घ्यावा, पण ज्याला मिळत नाही त्याच्यासाठी तो नियम करणं ही आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांची खोड आहे. तुमच्या दिवसात वेळ शोधू नका, ठरलेलं काम शोधा. पाण्याची बादली भरायला दोनेक मिनिटं लागतात, तेवढ्यात १०० व्या स्तोत्राच्या पाच ओव्या सावकाश म्हणून होतात. पोळ्या लाटताना हात गुंतलेले असतात, पुस्तक धरता येत नाही, म्हणून तिथे पाठ असलेलं गीत लागतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती ओवी-अभंगात आणली याचं मोल इथे कळतं. ओवी ही जात्यावरची. तिला पेटी लागत नाही, पडद्यावर शब्द लागत नाहीत, हात थांबवावे लागत नाहीत. गिटारीवरच्या गाण्यांना माझा विरोध नाही, पण ज्याला ड्रमशिवाय उभंच राहता येत नाही ते गीत सोमवारी ओट्यापाशी उपयोगी पडत नाही.

लोकलमध्ये स्तोत्रं वाचायची तर एक इशारा. तारखेप्रमाणे रोज पाच, म्हणजे ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७ अशी महिन्यात १५० संपवायची रीत खूप जण सुरू करतात. ती २९ तारखेला मोडते. त्या दिवशी ५२ ओव्यांचं ८९ वं आणि १७६ ओव्यांचं ११९ वं एकत्र येतात. मग राहिलं, मग अपराधी वाटलं, मग सुटलं. त्यापेक्षा रोज एक घ्या, पाच महिन्यांत पुस्तक होईल. ११९ वं आठ-आठ ओव्यांच्या २२ भागांत रचलेलंच आहे, त्याला २२ दिवस द्या, म्हणजे एकूण पाऊणेक महिना वाढेल. चुकलेला दिवस भरून काढू नका, जिथे होता तिथून पुढे चला. आणि मनाला न पटणारं स्तोत्र गाळू नका. तुमचं दुःख नसेल त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाचं असतं. तुमच्या मैत्रिणीचं नाव घेऊन वाचा. रात्री अंथरुणावर ‘कारण’ची तीन वाक्यं आणि ४ थ्या स्तोत्राची शेवटची ओवी: मी स्वस्थपणे पडून लागलाच झोपी जाईन. पहिल्याच वाक्याला डोळा लागला तर लागू द्यावा. ती ओवी झोपेचीच आहे.

सासूबाईंना आता अक्षर दिसत नाही, आणि मोबाईलवरचं ध्वनिमुद्रित वाचन त्यांना नकोसं होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यासाठी १२१ वं स्तोत्र घ्या, आठ ओव्यांचं. पहिल्या दिवशी एकच ओवी, तुम्ही म्हणायची आणि त्यांनी मागून म्हणायची, तीनदा. दुसऱ्या दिवशी पहिलीपासून सुरुवात करून दुसरी जोडायची. नवी ओवी अडली तर त्या दिवशी पुढे जायचं नाही. त्यांच्या लहानपणच्या जुन्या भाषांतरातले शब्द त्यांच्या तोंडी आधीच असतील तर ते दुरुस्त करू नका, त्यांचेच राहू द्या आणि तुम्ही ते शिका. आठ-दहा दिवसांत स्तोत्र होईल. मग एखाद्या सकाळी तुम्ही डबे भरत असताना त्यांनी ते मोठ्याने म्हणावं, तुम्हाला ऐकू जाईल इतक्या आवाजात.